बिनरंगी कावीळ

"जगात पांढरा रंग नसतोच. असतात ते कमीजास्त लपवलेले पिवळे," असं एक जबरदस्त विधान मास्तरांनी सकाळी चहाच्या टेबलावर केलं आणि क्षणभर थांबून पुढे म्हटलं, "आणि हे ओळखणारे डोळे या अख्ख्या गावात दोनच आहेत. दोन्ही माझेच."

"दोन्हीवर चष्मा माझा आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "काढा तो. मला तांदूळ निवडायचेत."

मास्तरांनी चष्मा काढून दिला. मात्र विधान मागे घेतलं नाही.

खरं तर मास्तरांनी उभ्या आयुष्यात शाळेत एक तासही घेतला नव्हता. ते रंगाच्या कारखान्यात होते. तिथे शेड-रूम नावाची एक खोली होती. कारखान्यात शिजलेला प्रत्येक रंग डब्यात भरण्याआधी एका छोट्या पत्र्यावर फासून या खोलीत यायचा, आणि ठरलेल्या नमुन्याशेजारी ठेवून तो जुळतो की नाही हे मास्तर सांगायचे. चौतीस वर्षं सांगत होते. मध्यंतरी याच कामासाठी एक मशीन आणलं गेलं. मशीन "जुळतो" म्हणालं आणि मास्तर "नाही" म्हणाले, तर मशीन दुरुस्तीला पाठवलं जायचं.

असा माणूस संशयी होणारच. दिवसभर दोन सारख्या वस्तूंत फरक शोधायचा, त्याचाच पगार घ्यायचा, आणि घरी येऊन जगावर विश्वास ठेवायचा, हे कुणालाही जमणारं नाही.

गोदामवाल्या अण्णांची कावीळ पहिल्यांदा हेरली ती मास्तरांनीच. अण्णा मालाच्या कागदावर सही घ्यायला आले होते. मास्तरांनी सही करता करता वर पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"अण्णा, डोळे दाखवा."

"काय झालं?"

"गेल्या सोमवारी तुम्ही मोतिया पांढऱ्यात होता. आज हस्तिदंतीत आलात. घरी जा."

अण्णांना वाटलं, मास्तर चेष्टा करतायत. पण दोन दिवसांनी अण्णा पार लिंबोणी झाले, अंथरुणाला खिळले, आणि डॉक्टरांनी रक्त तपासून हेपटायटिस ए सांगितला. आठवड्याभरात मिक्सिंग खात्यातले आणखी तिघं पिवळे पडले. कारखान्यात मास्तरांचा भाव असा वधारला की ते दुसऱ्या दिवसापासून फाटकावर उभेच राहिले. हातात पांढऱ्या छटांचं कार्ड. येणाऱ्या प्रत्येकाची खालची पापणी अंगठ्यानं ओढायची, कार्ड गालाला लावायचं आणि वहीत नंबर लिहायचा. वहीवर त्यांनी 'निरीक्षण' असं लिहिलं होतं. आतल्या पानांवर मात्र 'संशयित' असंच होतं.

संशयितांमध्ये पहिल्या क्रमांकावर कॅन्टीनवाली मावशी होती, कारण ती मास्तर आले की नजर चुकवायची. दुसऱ्या क्रमांकावर काकडी. पण शेवटी गुन्हेगार निघाली पाण्याची टाकी. तिला खालून तडा गेला होता आणि शेजारून गटाराचा पाइप जात होता.

"मग मावशी नजर का चुकवत होती?" शेड-रूममधल्या बाईंनी विचारलं. पत्र्याच्या पट्ट्यांवर रंग फासायचं काम या बाईंचं. अठरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली होत्या आणि जिभेनं त्यांच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर.

"तेच शोधतोय."

"तुम्ही भेटेल तिची पापणी ओढताय, मास्तर. मीही चुकवते."

टाकी बदलली, अण्णा बरे होऊन कामावर आले, आणि व्यवस्थापनानं एका यकृततज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना बोलावून कॅन्टीनमध्ये सगळ्यांची सभा घेतली. डॉक्टरीणबाई शांत आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशा बोलत होत्या. यकृताला सूज आली की तिला हेपटायटिस म्हणायचं. कावीळ हे नुसतं लक्षण. ए आणि ई हे विषाणू घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून येतात. बी आणि सी रक्तातून. ए आणि बी यांच्यावर लस आहे.

मास्तरांचा हात वर गेला. "ए, बी, सी, आणि मग एकदम ई? मधला डी कुठं गेला?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की कॅन्टीनमधल्या सगळ्यांनाच क्षणभर वाटलं, डी दाबून ठेवलाय.

"डी आहे ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तो एकटा येत नाही. बी झालेल्या माणसालाच होतो. बीच्या पाठीवर बसून येतो."

मास्तरांनी वहीत लिहिलं: डी – साथीदार.

"आणि या अण्णांना तुम्ही डॉक्टरांनी औषध काय दिलं?"

"'ए'वर खास औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पचेल ते जेवण. दारू बंद, आणि शेजाऱ्यांनी सांगितलेला झाडपाला बंद. बहुतेकांचं यकृत आपण होऊन बरं होतं."

औषध न देणारी डॉक्टर! मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यात डॉक्टरीणबाईंनी पुढे सांगितलं की आता सगळ्यांच्या रक्ताची सगळ्या प्रकारांसाठी तपासणी होणार.

"गरज नाही," मास्तर उभे राहिले. "दोनशे सोळा माणसं मी स्वतः तपासून पास केलीयत. डोळ्यानं."

"म्हणजे डोळ्याला दिसतं तेवढीच तपासलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही. तुमचं रक्त पहिलं घेऊ."

चौथ्या दिवशी बंद पाकिटं आली. मास्तरांनी आपलं पाकीट सगळ्यांदेखत, जरा उंच धरूनच फाडलं. वाचलं. मग ते खाली आणलं, घडी घातली आणि म्हणाले, "ठीक." बाकी दिवसभर ते शेड-रूमबाहेर आले नाहीत.

कागदावर लिहिलं होतं: हेपटायटिस सी – अँटिबॉडी आढळल्या. पुढील तपासणीसाठी भेटावे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मास्तरांनी शेड-रूमचं दार आतून लावलं. तिथे एक मोठी करडी पेटी होती. आत वेगवेगळे दिवे: एक बटण दाबलं की दिवसाचा उजेड, दुसरं दाबलं की दुकानातला, तिसरं दाबलं की घरातला पिवळसर बल्ब. मास्तरांनी आरसा घेतला, दिवसाच्या उजेडाचं बटण दाबलं, डोकं पेटीत घातलं आणि स्वतःची पापणी ओढली. नंबर एक. चुन्यासारखा स्वच्छ. मग हे आलं कुठून?

तर्क सरळ होता. नळ्यांची अदलाबदल झाली. रक्त घेणारा तो माणूस सारखा फोनवर बोलत होता. मास्तरांच्या मागे रांगेत अण्णा होते, आणि अण्णांचा काही भरवसा नाही. किंवा खुद्द डॉक्टरीणबाई. भर सभेत त्यांना डी विचारला होता. लागला असेल मनाला. मास्तरांनी तिघांची नावं वहीत लिहिली. डॉक्टरीणबाईंच्या नावापुढे दोन फुल्या मारल्या. मग कागद शेडकार्डांच्या कपाटात, 'रद्द छटा' लिहिलेल्या खणात ठेवला आणि ठरवलं, काही झालेलंच नाही.

तरी काळजी म्हणून घरी त्यांनी आपला कप वेगळा केला. मग ताट. मग टॉवेल, साबण, पांघरूण. बायकोशी बोलताना ते दोन पावलं मागे सरकू लागले.

मास्तरीणबाईंनी चार दिवस हे पाहिलं. नवरा फाटकावर लोकांचे डोळे तपासतो, हे त्यांना ठाऊक होतं. तो आपल्यापासून लांब राहतोय, हेही दिसत होतं. त्यांनी दोनात दोन मिळवले आणि उत्तर सात काढलं.

"माझा नंबर काय आलाय?" पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं.

"कसला नंबर?"

"डोळ्यांचा. मला न सांगता बघितलात ना? झोपेत पापणी ओढलीत माझी?"

"काहीतरीच काय!"

"मग मी जवळ आले की भिंतीला का चिकटता? मी काय ओला रंग आहे?"

मास्तर गप्प बसले. संशयी माणसाला दुसऱ्याचा संशय सहन होत नाही. त्याला वाटतं, आपलं खातं कुणी बळकावलं. मास्तरीणबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्या जाऊन सगळ्या तपासण्या करून आल्या आणि अहवाल हाती येताच तो त्यांनी मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवला.

"वाचा. ए नाही, बी नाही, सी नाही, ई नाही. आणि तो तुमच्या वहीतला साथीदारही नाही. आता सांगा, मी नाही तर कोण?"

मास्तरांनी अहवाल पाहिला. दोनदा पाहिला. मग हातातला घास खाली ठेवून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी."

मास्तरीणबाईंनी ताटाजवळचा अहवाल उचलून त्याची घडी घातली. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "किती दिवस झाले कळून?"

"अकरा."

"आणि पुढची तपासणी?"

"नळी बदलली असणार गं."

"अहो, तुम्ही शिडीवरून पडला होतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मिक्सिंग खात्यात. चार बाटल्या रक्त चढवलं होतं. तेव्हा कुठं असल्या तपासण्या होत्या?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर अकरा दिवसांत पहिल्यांदा तजेला आला. "चारातली एक बाटली तुझ्या भावाच्या रक्ताची होती!"

मेहुण्यावर मास्तरांना तीस वर्षं कसला ना कसला संशय होताच. फक्त पुरावा नव्हता. मेहुणा बिचारा निमूटपणे तपासून आला. काहीच निघालं नाही. तो अहवाल पाहून मास्तरांना स्वतःच्या अहवालापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"कुठून आलं ते आता कळायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांची खोली लहान होती, टेबल अवाढव्य. त्या टेबलापलीकडे चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि तिथून त्या कधी हलत नसाव्यात असं वाटत होतं. "आणि कळून उपयोगही नाही. पहिली तपासणी म्हणजे नुसते पायाचे ठसे. कधीतरी कुणीतरी घरात येऊन गेलं, एवढंच सांगते. काहींच्या शरीरातून हा विषाणू आपला आपण निघून जातो, ठसे राहतात. म्हणून परवा तुमचं पुन्हा रक्त घेतलं, ती दुसरी तपासणी. ती विषाणूच शोधते."

"मग गेलाय ना निघून?"

"नाही. आतच बसलाय."

मास्तरांनी खुर्चीचा हात धरला. "पण मी पिवळा नाही. मी स्वतः बघितलंय. दिवसाच्या उजेडात."

"सी तसाच असतो. वीस-पंचवीस वर्षं बसून राहतो. दुखत नाही, खुपत नाही, रंग येत नाही. आणि आत यकृत हळूहळू घट्ट होत जातं. पिवळे दिसेपर्यंत थांबलो असतो, तर फार उशीर झाला असता."

मग त्यांनी मास्तरांना आडवं करून बरगड्यांमध्ये एक यंत्र टेकवलं. यंत्रानं आतून टिचक्या मारल्यासारखं केलं आणि एक आकडा दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि भाजीच्या भावाचा आवाज पहिल्यांदा थोडा खाली आणला.

"काठावर आहात. याच्या पुढची पायरी सिरॉसिस. तिथून मागे फिरणं कठीण असतं. पण आज याला गोळ्या आहेत. रोज एक, बारा आठवडे. शंभरातले पंचाण्णवांहून जास्त बरे होतात. अट एकच: एक दिवसही चुकवायचा नाही. मध्येच सोडल्या, तर सगळं वाया जाऊ शकतं."

"आणि यांचे कप?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कपानं, ताटानं, टॉवेलनं काही होत नाही. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर तेवढं वेगळं ठेवा."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "नेलकटर तेवढा दोघांत एकच ठेवला होतात तुम्ही."

मास्तर घरी आले ते पार हातपाय गाळून. मरणाची भीती होतीच. पण तिच्याही वर काहीतरी बसलं होतं. चौतीस वर्षं ज्या डोळ्यांवर जगलो त्यांना आपल्याच आतलं दिसलं नाही. रोगानं रंग तरी दाखवायचा होता. निदान एखादी छटा.

गोळ्यांच्या तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीत अठ्ठावीस. पहिली बाटली मास्तर थेट कारखान्यात घेऊन गेले. गोळी पेटीत ठेवली, दिवसाचा उजेड लावला. विटकरी, किंचित जांभळ्याकडे झुकलेली. स्वच्छ काम होतं. मास्तरांनी दोन तास खपून तंतोतंत तोच रंग जुळवला, पत्र्याच्या एका पट्टीवर फासला आणि पट्टी खिशात ठेवली. आता गोळीला प्रमाण मिळालं होतं. महिनाभर त्यांनी रोज सकाळी गोळी न चुकता घेतली. मास्तरीणबाई समोर उभ्या राहून तोंड उघडायला लावायच्या आणि जिभेखालीसुद्धा बघायच्या, त्यामुळे खिशातली पट्टी काढायला सवडच नसायची. संशय त्या घरात आता दोघांत वाटून घेतलेला होता.

दुसरी बाटली उघडायच्या आदल्या दिवशी मास्तरीणबाई बहिणीकडे आठवड्यासाठी गेल्या. दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आत मास्तरांनी स्वैपाकघरातला दिवा लावला, बाटली उघडली, एक गोळी तळहातावर घेतली आणि नवा माल म्हणून कामाच्या सवयीनं पट्टी शेजारी धरली.

जुळत नव्हती.

गोळी हिरवटाकडे गेली होती. फार नाही, साध्या माणसाला दिसलंच नसतं. मास्तरांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली. बाटली तीच, लेबल तेच, झाकणाचं सील शाबूत, आणि आतला माल वेगळा. म्हणजे कुणीतरी बदललाय. औषधाच्या दुकानातला तो गोड बोलणारा माणूस! इतका गोड का बोलत होता? त्यांनी गोळी परत बाटलीत टाकली. त्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळवून पाहिली. तीच गत. दुसरीही चुकली. बायकोनं फोनवर विचारलं, "गोळी?" ते म्हणाले, "हं." ते 'हं' खोटं नव्हतं, अपुरं होतं.

तिसऱ्या दिवशी ते बाटली घेऊन कामावर आले आणि पुरावा म्हणून शेड-रूममधल्या बाईंसमोर गोळी आणि पट्टी ठेवली.

"एका ओळखीच्या माणसाच्या गोळ्या आहेत. बघा. बनावट माल."

बाईंनी गोळी पाहिली, पट्टी पाहिली, मास्तरांकडे पाहिलं. "त्या ओळखीच्या माणसानं ही जुळवून कुठं पाहिली?"

"घरी. स्वैपाकघरात."

"दिवा कुठला?"

मास्तरांनी करड्या पेटीकडे पाहिलं.

हा प्रश्न त्यांचाच होता. शेड-रूममध्ये येणाऱ्या प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी ते हाच विचारायचे. दोन रंग वेगवेगळ्या मसाल्यांनी बनवलेले असले, तर दिवसाच्या उजेडात जुळे भाऊ दिसतात आणि घरच्या बल्बखाली एकमेकांना ओळखही देत नाहीत. गोळीचा रंग औषधवाल्याचा, पट्टीचा रंग मास्तरांचा. जुळवणी दिवसाच्या उजेडातली. आणि न्यायनिवाडा केला स्वैपाकघरातल्या बल्बखाली.

बाईंनी गोळी आणि पट्टी पेटीत ठेवली. पहिलं बटण दाबलं. दोन्ही एक. तिसरं बटण दाबलं. गोळी हिरवट झाली. पुन्हा पहिलं. पुन्हा एक. बाईंनी हे चार वेळा केलं. दोनदा केलं असतं तरी पुरलं असतं.

"त्या ओळखीच्या माणसाच्या किती गोळ्या चुकल्या?"

"दोन," मास्तर म्हणाले. "बाई, डॉक्टर म्हणाल्या होत्या, एकही चुकवायची नाही. काठावर आहे तो."

"मग त्याला म्हणावं, बस खाली. पाणी आणते मी. आणि तो डॉक्टरांना आत्ता फोन करेल, माझ्यासमोर."

मास्तर खाली बसले. गोळी गिळली. फोन केला. डॉक्टरीणबाई पलीकडून म्हणाल्या, "आजपासून रोज एक, पहिल्यासारखी. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि राहिलेल्या शेवटपर्यंत संपवायच्या. काय झालं ते शेवटच्या तपासणीत कळेल. आता आपण नुसतं थांबायचं."

बाईंनी कारखान्यात कुणाला काही सांगितलं नाही. तिसरी बाटली सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, "तो ओळखीचा माणूस जिवंत आहे ना?"

गोळ्या संपल्या तरी निकाल लगेच लागत नाही. आणखी बारा आठवडे थांबायचं. विषाणू खरंच गेलाय की लपून बसलाय, ते तेव्हा कळतं. त्या बारा आठवड्यांत मास्तर फाटकावर उभे राहिले नाहीत. रात्री मध्येच उठून बसायचे. मास्तरीणबाई झोपेचं सोंग घ्यायच्या, आणि मास्तर ते सोंग ओळखायचे. बदललेल्या नळ्या, मेहुणा, दुकानदार, सगळे त्यांनी वहीतून एकेक करून खोडले. शेवटी पानावर एकच संशयित उरला, आणि त्यानंच त्या दोन गोळ्या चुकवल्या होत्या.

निकालाच्या दिवशी दोघं त्या लहान खोलीत बसले. डॉक्टरीणबाईंच्या हातात कागद होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. डॉक्टरीणबाईंनी पायानं रेटा देऊन आपली खुर्ची त्या अवाढव्य टेबलाला वळसा घालून अलीकडे आणली आणि मास्तरांच्या अगदी पुढ्यात थांबवली.

मास्तर काय ते समजले. चांगली बातमी टेबलापलीकडून सांगता येते. वाईट बातमी द्यायलाच माणूस इतका जवळ येतो. त्यांनी डोळे मिटले.

"सापडला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तात विषाणू नाही. बरे झालात तुम्ही. यकृत काठावर होतं, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहू. ते सोडायचं नाही. पण आजार गेला."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाशी नेला. मास्तरांनी डोळे उघडले. ते काठोकाठ भरले होते. ओठ थरथरत होते, कपाळावर घाम होता, आणि शब्द फुटत नव्हता. डॉक्टरीणबाईंना इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण फार मिळाले नव्हते. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला.

"बोला," त्या हळूच म्हणाल्या. "मनात काय असेल ते मोकळेपणानं बोला."

मास्तरांनी एक मोठा श्वास घेतला.

"तुमच्या खुर्चीचं चाक माझ्या अंगठ्यावर आहे," ते म्हणाले. "तेवढी जरा मागे घेता का?"